रक्तसाक्ष आणि सूड : कुंकळ्ळीच्या घटनेचा पुनर्विचार

गेथशेमाने बागेत प्रभूला धरावयास लोक आले तेव्हा शिष्यांपैकी एकाने तरवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान तोडला, हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आला आहे. तरवार उपसणारा पेत्र होता हे योहान सांगतो, आणि त्या दासाचा कान प्रभूने बरा केला हे लूक सांगतो. या प्रसंगावरून ख्रिस्ती मनुष्याने स्वतः शस्त्र हाती धरावे की नाही, एवढाच प्रश्न आपण बहुधा विचारतो. परंतु त्याला लागूनच दुसरा एक प्रश्न आहे. ख्रिस्ती मनुष्याने स्वतः शस्त्र धरले नाही, पण त्याच्यासाठी, त्याच्या नावाने, दुसऱ्या कोणी ते धरले, तर काय? पेत्राने तरवार स्वतःच्या रक्षणासाठी उपसली नव्हती. ती प्रभूच्या रक्षणासाठी उपसली होती. तरीही प्रभूने ती म्यानात घालावयास लावली.

हा दुसरा प्रश्न ध्यानात ठेवून आम्ही या लेखात तीन घटनांचा विचार करणार आहोत. पहिली आफ्रिकेतील, दुसरी गोव्यातील आणि तिसरी माळव्यातील आहे. तिन्ही घटनांत श्रद्धेसाठी किंवा श्रद्धेने स्वीकारलेल्या सेवेसाठी नि:शस्त्र माणसे मारली गेली. भेद आहे तो त्यांच्या मरणानंतर काय घडले यात.

इसवी सन २९५ मधील १२ मार्च हा दिवस. आजच्या अल्जीरियातील तेबेस्सा या गावी रोमी सैन्यात भरतीसाठी माक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाला प्रांताधिपती डायॉन याच्यापुढे उभे करण्यात आले. त्याचा पिता फाबियुस विक्टर हा स्वतः भरतीच्या कामाशी बांधलेला होता. तरुणाची उंची मोजली जात असतानाच त्याने सांगितले की, आपण ख्रिस्ती आहोत आणि सैनिक होऊ शकत नाही. गळ्यात घालावयाची शिशाची मुद्रा त्याने नाकारली, कारण ख्रिस्ताची खूण आपल्यावर आधीच आहे असे त्याचे म्हणणे होते. सम्राटांच्या पदरीही ख्रिस्ती सैनिक आहेत, याकडे अधिकाऱ्याने लक्ष वेधले. आपल्याला काय योग्य हे त्यांचे त्यांस ठाऊक, आपण मात्र ख्रिस्ती आहोत आणि वाईट करू शकत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. त्याला शिरच्छेदाची शिक्षा झाली. मरणापूर्वी त्याने पित्याला सांगितले की, माझ्या सैनिकपणासाठी जी नवी वस्त्रे तुम्ही तयार केली होती ती या मारेकऱ्याला द्यावीत. पिता देवाचे आभार मानीत घरी गेला.

आरंभीची सर्वच ख्रिस्तसभा एकमुखाने सैन्याच्या विरोधी होती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अधिकाऱ्याच्या बोलण्यावरूनच दिसते की सैन्यात ख्रिस्ती लोक होते. सैन्यसेवेला असलेल्या विरोधाचे मूळ रक्तपातात किती आणि मूर्तिपूजेच्या शपथांत किती, यावरही अभ्यासकांत वाद आहे. परंतु प्रभूने पेत्राला नि:शस्त्र केले तेव्हाच प्रत्येक सैनिकाला नि:शस्त्र केले, असा तेर्तुलियनाचा विचार होता. ख्रिस्ती लोक लढले नाहीत तर साम्राज्य रानटी लोकांच्या हाती जाईल, या सेल्सुसच्या आक्षेपाला ओरिजनने सुमारे २४८ मध्ये प्रार्थनेच्या सामर्थ्याचा हवाला देऊन उत्तर दिले. हा विचार त्या काळात दुबळा नव्हता. आमच्या विषयाच्या दृष्टीने तेबेस्साच्या घटनेतील महत्त्वाची गोष्ट मात्र शेवटची आहे. माक्सिमिलियनच्या मागे उभी राहील अशी एकही तरवार जगात नव्हती. त्याच्या मरणाचा सूड कोणी घेतला नाही, कोणी घेऊ शकत नव्हते, आणि जो घेण्याची इच्छा धरू शकला असता त्या पित्याने मारेकऱ्याला वस्त्रे दिली.

ही स्थिती फार काळ टिकली नाही. ३१२ मध्ये कॉन्स्टन्टाईन विजयी झाला. ३१४ मध्ये आर्ल येथील धर्मपरिषदेने शांततेच्या काळात शस्त्रे टाकून देणाऱ्यांना सहभागितेपासून दूर ठेवण्याचा नियम केला. या नियमाचा नेमका अर्थ वादग्रस्त आहे. पण माक्सिमिलियनच्या मरणाला अवघी एकोणीस वर्षे झाली असता असा नियम व्हावा हे विचार करावयास लावणारे आहे. पुढे ४१५-१६ च्या सुमारास थिओडोशियस दुसरा याने बिगरख्रिस्ती लोकांना राजसेवेतून वगळणारा कायदा केला. संत ऑगस्टीन यांनी न्याय्य युद्धाचा विचार मांडला तो तरवारीला आवर घालण्यासाठी, हे आम्ही मान्य करतो. तथापि एवढे खरे की, आता तरवार ख्रिस्तसभेच्या समोर नव्हती. तिच्या पाठीशी होती. पाठीशी असलेली ही तरवार शतकांमागून शतके ओलांडीत जहाजांतून आपल्या किनाऱ्यावरही आली.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकर्क याने गोवा बेट जिंकले. तो संत कॅथरिनचा सण होता, म्हणून विजयाची आठवण म्हणून तिच्या नावाचे चॅपल तेथे उभे राहिले. साष्टी आणि बारदेश हे प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली. साष्टीच्या दक्षिणेकडील कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणा, वेळ्ळी आणि आंबेली या गावांच्या गावकरांनी मात्र पोर्तुगीज सत्तेला जुमानले नाही. त्यांनी कर देण्यास नकार दिला आणि पाडलेली देवळे पुन्हा बांधली. यावर त्या गावांवर लष्करी मोहिमा झाल्या. येशूसंघाचे धर्मगुरू पियेत्रो बेर्नो अशा मोहिमेबरोबर गेले होते आणि देवळांच्या विध्वंसात त्यांचा सहभाग होता.

जुलै १५८३ मध्ये येशूसंघाचे पाच जण कुंकळ्ळीस गेले. रुदोल्फो आक्वाविवा हे त्यांचे प्रमुख. फत्तेपूर सिक्रीस अकबराच्या दरबारी तीन वर्षे राहून ते नुकतेच गोव्यास परतले होते. सोबत बेर्नो, आल्फोन्सो पाशेको, आंतोनियो फ्रान्सिस्को आणि ब्रदर फ्रान्सिस्को आरान्य होते. शिवाय काही स्थानिक ख्रिस्ती आणि गोंसालो रोद्रिगिश नावाचा एक पोर्तुगीज गृहस्थ होता. ओर्ली येथे एकत्र येऊन ते निघाले. कुंकळ्ळीत क्रूस उभारावा आणि देवालयासाठी जागा पाहावी हा त्यांचा हेतू होता. गावकऱ्यांनी शस्त्रे घेऊन त्यांना घेरले. रोद्रिगिशने बंदूक रोखली तेव्हा फादर पाशेको यांनी त्याला अडविले आणि आपण येथे लढण्यासाठी आलेलो नाही असे सांगितले. आक्वाविवा मारणाऱ्यांसाठी क्षमेची प्रार्थना करीत पडले. पाचही जण आणि त्यांच्याबरोबरचे आणखी काही मारले गेले. प्रेते विहिरीत टाकण्यात आली. १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी या पाच जणांना धन्य म्हणून घोषित केले.

बंदूक खाली करावयास लावणारा पाशेको यांचा हात हा पेत्राला अडविणाऱ्या प्रभूच्या शब्दाचा खरा प्रतिध्वनी होता, याविषयी आम्हांस शंका नाही. या पाच जणांच्या धैर्याला आम्ही नमन करतो. तरीपण कुंकळ्ळीच्या गावकराच्या जागी उभे राहून क्षणभर पाहावे. त्याला त्या दिवशी नि:शस्त्र धर्मगुरू दिसले असतील काय? त्याला त्यांच्यामागे उभे असलेले सैन्य, जळालेले देऊळ आणि उद्याचा कर हे दिसले असणार. जे हात त्या दिवशी रिकामे होते त्यांच्यापैकी काही आदल्या मोहिमेच्या वेळी रिकामे नव्हते. धर्मगुरूंचा मनोभाव कितीही निर्मळ असला तरी त्यांची अहिंसा समोरच्या माणसाला वाचता येईल अशी राहिली नव्हती.

पुढे जे झाले ते अधिक वेदनादायक आहे. गावांच्या प्रमुखांना बोलणी करावयाची आहेत म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे, कोणताही न्यायनिवाडा न होता, त्यांना ठार करण्यात आले. सोळांपैकी पंधरा मेले आणि एक जण नदीत उडी टाकून निसटला, असे परंपरा सांगते. गावांच्या जमिनी जप्त झाल्या. कुंकळ्ळी आणि वेरोडा एका पोर्तुगीज सरदाराच्या हाती गेली. असोळणा, वेळ्ळी आणि आंबेली ही गावे येशूसंघाला मिळाली. या शेवटच्या वाक्याजवळ आम्ही पुन:पुन्हा थांबतो. ज्यांनी मरताना क्षमेची प्रार्थना केली त्यांच्या रक्ताचे मोल त्यांच्याच संघाने जमिनीच्या रूपाने स्वीकारले. पाशेको यांनी खाली करावयास लावलेली बंदूक किल्ल्यात पुन्हा उचलली गेली, आणि ती उचलू नका असे तेथे त्यांच्याऐवजी कोणी सांगितले नाही. तेबेस्साच्या पित्याने मारेकऱ्याला वस्त्रे दिली होती. येथे मारणाऱ्यांच्या गावाची शेते घेण्यात आली. रक्तसाक्ष म्हणजे सूडाच्या साखळीतील एक कडी आपल्या देहाने तोडणे. तिचा सूड घेतला की ती साक्ष उलटी होते, आणि मग ऐकणाऱ्याला क्षमेची प्रार्थना ऐकू येत नाही. किल्ल्यातील किंकाळी तेवढी ऐकू येते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या भावाला पत्र लिहून या हत्येची हकीकत कळविणारा एक इंग्रज येशूसंघी साष्टीत होता. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाले. ज्या प्रदेशातील ग्रंथ जाळले जात होते त्याच प्रदेशाच्या मराठी वाणीला त्यांनी आपल्या ओवीत गौरविले. त्यांचे कार्यही पोर्तुगीज सत्तेच्या छायेत आणि १५६० पासून चालू असलेल्या इन्क्विझिशनच्या काळात झाले, हे विसरून चालणार नाही. परंतु एका बाजूस किल्ला आणि दुसऱ्या बाजूस ओवी असे दोन मार्ग एकाच प्रांतात, एकाच पिढीत होते. आज आपल्या उपासनेत त्यांपैकी कोणता उरला आहे, हे वाचकांस सांगावयास नको.

कुंकळ्ळीच्या लोकांनी देवी शांतादुर्गेची मूर्ती फातर्प्यास हलविली. आजही छत्रोत्सवात बारा वांगडांची बारा छत्रे घेऊन देवी कुंकळ्ळीस येते, आणि त्या वांगडांतील ख्रिस्ती घराणीही त्यात भाग घेतात. गावाने मारल्या गेलेल्या प्रमुखांचेही स्मारक केले आहे. या लोकांनी एकमेकांशी जे सख्य राखले ते आमच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांहून अधिक बोलके आहे, असे आम्हांस वाटते.

१२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या सेवेसाठी म्हणून ख्रिस्ती लोकांनी वापरलेल्या हिंसेबद्दल रोम येथे जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. माक्सिमिलियनच्या मरणाचा दिनांकही तोच, १२ मार्च. असा पश्चात्ताप करावयाचा तर तो नुसत्या भूतकाळाविषयी करून भागत नाही. आज आपण या देशात अल्पसंख्य आहोत, आपल्या पाठीशी कोणतीही सेना नाही, आणि आपल्या सेवकांवर हल्लेही होतात. तेव्हा आपल्यापुढे तिसरी घटना येते.

केरळातील धर्मभगिनी राणी मारिया इंदूर धर्मप्रांतातील उदयनगर परिसरात गरीब शेतमजुरांची सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून काम करीत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूचे वार करून त्यांना ठार मारण्यात आले. मारेकऱ्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. कुटुंबाने कायद्याच्या मार्गात आडकाठी केली नाही. पण सूडाची मागणीही केली नाही. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, धर्मभगिनी सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले. २००६ मध्ये तो सुटला आणि पुढे केरळात त्यांच्या घरी गेला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया धन्य म्हणून घोषित झाल्या.

येथे न्याय आणि सूड यांतील भेद स्पष्ट दिसतो. न्यायालयाने आपले काम केले, गुन्हेगाराने अकरा वर्षे तुरुंगात काढली. अहिंसा म्हणजे अपराध झाकणे नव्हे. परंतु शिक्षेनंतरही माणूस उरतो, आणि त्या माणसाकडे जाण्याचा मार्ग कुटुंबाने उघडा ठेवला. तेबेस्साच्या पित्याची वस्त्रे आणि इंदूरच्या तुरुंगातील राखी यांच्यामध्ये सतरा शतके आहेत, तरी त्या एकाच हाताने दिल्यासारख्या वाटतात. त्यांच्या मधोमध असोळण्याचा किल्ला उभा आहे, आणि तोही आपलाच आहे.

म्हणून पुढे धर्मगुरू होऊन खेड्यापाड्यांत जाणाऱ्या आमच्या तरुण बंधूंना आमचे सांगणे एवढेच आहे. आपल्या हाती शस्त्र नाही यावर समाधान मानू नये. आपल्या मागे कोण उभे आहे, आपल्या नावाने कोण धाक घालतो, आपल्यावर अन्याय झाला असता आपल्यासाठी कोण काय मागतो आणि त्यातून आपल्याला काय मिळते, हे प्रत्येकाने आपल्या अंत:करणात तपासावे. ज्या दिवशी आपल्या जखमेच्या बदल्यात कोणी आपल्याला जमीन, पद किंवा दुसऱ्याची मानहानी देऊ करील, त्या दिवशी पाशेको यांचा शब्द आपल्या ओठी असो. प्रभूने त्या दासाच्या कानाला स्पर्श केला तसा स्पर्श करण्याची कृपा तो आपल्याही हातांना देवो.