बोलिंगची काळजी

आमच्या बुरोंडीत मॅच हरली की खापर बोलिंगवर फुटतं. बॅटिंग कितीही गचाळ होवो, पारावर चर्चा एकच... "आपल्याकडे बोलर कुठेत?" मुंबईचे चाकरमानी मे महिन्यात आले की हीच चर्चा टीम इंडियाबद्दल होते आणि नावं तेवढी बदलतात. मला मात्र अशा वेळी सव्वाशे वर्षांपूर्वीचे पुणेकर आठवतात. त्यांनाही हीच काळजी होती, आणि बोलर तर समोरच उभा होता!

त्याचं नाव बाळू पालवणकर. आडनावच सांगतं की घराणं आपल्या कोकणातलं, पालवण गावचं. त्याचा जन्म मात्र १८७६ चा, धारवाडचा. वडील फौजेत होते, त्यामुळे मुलं पुण्यात वाढली. जात चांभार. १८९०च्या दशकात तो पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये पगारावर लागला. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबलोकांना सरावासाठी बॉल टाकायचे. डावखुरी संथ फिरकी. तिथे जे. जी. ग्रेग नावाचा एक उत्तम फलंदाज होता. तो लवकर येऊन एकट्या बाळूसमोर तासन् तास खेळायचा. बाळूनं त्याला आउट केलं की ग्रेग आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. इतकी वर्षं बॉल टाकले, पण त्या क्लबात त्याच्या हाती बॅट कोणी एकदाही दिली नाही, असं बाळूनं पुढे आपल्या मुलाला सांगितलं होतं.

आता पुण्याच्या हिंदू क्लबाची अडचण बघा. त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. त्यासाठी ग्रेगला आउट करणारा बोलर हवा. ग्रेगची बॅट कुठे अडखळते हे गावात सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक? रोज त्याला बॉल टाकणाऱ्याला! तरी क्लबात वाद झाला. तेलुगू सभासद म्हणत, घ्या. काही मराठी ब्राह्मण म्हणत, नको. ही मंडळी क्रिकेट न कळणारी नव्हती, बाळूचं मोल त्यांना चांगलं माहीत होतं. म्हणूनच मला हा वाद त्रासदायक वाटतो. अज्ञान असतं तर एक वेळ सोडून देता आलं असतं.

शेवटी जिंकण्याची ओढ जड झाली आणि बाळूला घेतलं. पण कसं? मैदानावर सगळे एकाच बॉलला हात लावणार (आणि बॉल तर चामड्याचा!), पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर. सगळ्यांना कपबशा, त्याला मातीचं भांडं, म्हणजे पिऊन झालं की फेकून देता येईल असं. जेवायलाही वेगळं बसायचं. ह्या माणसानं आपल्याला मॅच जिंकून द्यावी ही अपेक्षा मात्र पूर्ण!

आणि तो देत राहिला. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यानं त्याची फिरकी बोथट व्हावी म्हणून आधीपासून खेळपट्टीवर रोलर फिरवून ठेवला होता, तरी तिथेही त्यानं विकेटी काढल्याच. पुढे तो मुंबईला गेला. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. हिंदूंच्या २४२ आणि १६०, गोऱ्यांच्या १९१ आणि १०२. त्या संघात बाळू होता आणि भाऊ शिवरामही. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूनं त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्याचे १७९ बळी आहेत, सरासरी १५ च्या आसपास. आजचे आकडे शेजारी ठेवून पहा म्हणजे कळेल.

थोडक्यात, त्या काळात हिंदू संघाला बोलिंगची काळजी फारशी उरली नव्हती. मग नवा प्रश्न आला, कप्तान कोण? बॉल टाकायला घेतलेल्या माणसाचा हुकूम ऐकायचा का? वर्षानुवर्षं उत्तर नकारार्थीच आलं. १९२० साली नेहमीचे कप्तान पै आजारी पडले, तर कप्तानपद देवधरांकडे गेलं, आणि बाळूला संघातूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ निषेध करून बाहेर पडले. मला स्वतःला त्या १०९ धावांच्या विजयापेक्षा हा प्रसंग मोठा वाटतो, कारण बाहेर बसल्यानं त्यांचंच नुकसान होणार होतं.

अंतिम सामन्याला पै परतले. तिघे पालवणकरही परतले, बाळू उपकप्तान म्हणून. खेळ चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ संघ बाळूच्या हुकमात राहिला. तोवर तो चाळिशी ओलांडून बराच पुढे गेला होता. कप्तानपद रीतसर आलं ते १९२३ मध्ये, धाकट्या विठ्ठलकडे.