झुडपी जंगल

झुडपी जंगल ही महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भातील महसूल अभिलेखांत आढळणारी जमिनीची एक वर्गवारी आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ती प्रचलित आहे. या संज्ञेतील 'जंगल' शब्दाचे इंग्रजी कायद्यातील 'फॉरेस्ट' शब्दाशी नाते काय, हा प्रश्न अनेक दशके वादाचा विषय राहिला.

शब्दार्थ

झुडूप म्हणजे खुरटे झाड. त्यावरून, झुडपांखेरीज फारसे काही न उगवणारी, मुरमाड व हलक्या प्रतीची पडीक जमीन, असा या संज्ञेचा रूढ अर्थ आहे. संस्कृतात 'जाङ्गल' हा शब्द कोरड्या, विरळ झाडीच्या प्रदेशासाठी वापरला जातो. आयुर्वेदातही 'जांगल' देश हा पाणथळ 'आनूप' देशाच्या विरुद्ध मानला आहे. इंग्रजीत गेल्यावर मात्र 'जंगल' शब्दाला घनदाट अरण्याचा अर्थ चिकटला.

इतिहास

मध्य प्रांतातील मालगुजारी पद्धतीत गावालगतची अशी पडीक जमीन गुरचराई, सरपण यांसारख्या गावगरजांसाठी वापरली जात असे. या वहिवाटीला 'निस्तार' म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात येऊन या जमिनी शासनाकडे आल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ तत्कालीन मुंबई राज्यात समाविष्ट झाला, तेव्हा महसुली नोंदीही त्या राज्याकडे आल्या. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज या जुन्या संज्ञा त्याच नावांनी कायम ठेवण्यात आल्या.

भाषांतराचा प्रश्न

वन (संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार वनजमिनीचा वनेतर वापर करण्यास केंद्र शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. मूळ अधिनियमात 'फॉरेस्ट' शब्दाची व्याख्या नव्हती. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द कोशातील अर्थाने घ्यावा, तसेच शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेले कोणतेही क्षेत्र, मालकी कोणाचीही असो, वनजमीन मानावे, असे सांगितले. त्यामुळे अभिलेखातील 'जंगल' या एका शब्दाला निर्णायक महत्त्व आले. 'झुडपी' या विशेषणावर भर दिला तर जमीन पडीक ठरते. 'जंगल' या नामावर दिला तर ती वन ठरते. दरम्यान अशा जमिनींवर घरे, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, शासकीय कार्यालये व स्मशाने उभी राहिली होती.

याउलट 'निस्तार' शब्दाचे भाषांतरच झाले नाही. वनहक्क अधिनियम, २००६ च्या इंग्रजी पाठात सामूहिक हक्कांच्या संदर्भात तो जसाच्या तसा आला असून, तो कोणत्याही नावाने ओळखला जात असला तरी, अशी पुस्तीही जोडलेली आहे. त्यामुळे मूळ अर्थ ठरवताना स्थानिक वहिवाटीकडे पाहावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

२२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई व न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने, १९९६ च्या आदेशानुसार झुडपी जंगल जमिनी वनजमिनी मानाव्यात, असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींबाबत मात्र अपवाद करण्यात आला: त्या वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्य शासनाने केंद्राची मान्यता घ्यावी व त्यासाठी भरपाई वनीकरणाची अट घालू नये, असे निर्देश देण्यात आले.

चंद्रपूर व गडचिरोली

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. दोन्ही जिल्ह्यांत राखीव व संरक्षित वनांचे क्षेत्र मोठे आहे. त्यामुळे घरे, शाळा व रस्ते यांसाठी गावाजवळ उरणाऱ्या मोजक्या जमिनींमध्ये झुडपी जंगलाचा समावेश होतो. 'वनजमीन' या अर्थाला दुसरी बाजूही आहे: वनहक्क अधिनियमातील वनजमिनीच्या व्याख्येत अवर्गीकृत व मानीव वनांचाही समावेश असल्याने, जो अर्थ बांधकामास अडसर ठरतो, तोच ग्रामसभेच्या सामूहिक दाव्यास आधार ठरू शकतो.

हेही पहा

* निस्तार हक्क
* मालगुजारी
* वनहक्क अधिनियम, २००६