चाकांवरच्या घराची शाकारणी

अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की हायवेवर एक वेगळीच वरात दिसू लागते. पुढे मोटार आणि तिच्यामागे जोडलेलं चाकांवरचं छोटंसं घर! याला इथे 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. (सिनेमाच्या ट्रेलरशी याचा काही संबंध नाही आणि आपल्याकडचा लांबलचक मालवाहू ट्रेलरही हा नव्हे.) आत बिछाना, ओटा, टेबल, कपाटं, सगळा संसार. आपल्याकडे जशी जुनी लॅम्ब्रेटा किंवा फियाट जपणारी मंडळी असतात, तशी इथे १९३० ते १९६० च्या दशकांतले ट्रेलर शोधून, दुरुस्त करून वापरणारी मंडळी आहेत. लॅम्ब्रेटाचा शत्रू गंज, तर यांचा शत्रू ओल. जुना ट्रेलर विकत घ्यायला गेलेला जाणकार माणूस इंजिन बघत नाही (ते नसतंच!), रंगाकडेही फारसं लक्ष देत नाही. दार उघडून आधी वास घेतो.

गंमत म्हणजे हा प्रकार वाढीला लागला तोच मुळी पावसामुळे.

पहिल्या महायुद्धानंतर फोर्डची मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आणि लोक तंबू घेऊन भटकायला निघाले. १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे अशा भटक्यांची 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही संघटनाही निघाली. पण तंबू तो तंबूच. १९२९ च्या सुमारास डेट्रॉइटचे आर्थर शर्मन नावाचे गृहस्थ कुटुंबाला घेऊन सहलीला निघाले. पेशाने सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, एका औषध कंपनीचे प्रमुख. बरोबर विकत घेतलेला घडीचा तंबू-ट्रेलर होता. पाच मिनिटांत उघडतो आणि आत पाणी शिरत नाही, असा त्याचा लौकिक. नेमकं उघडायच्या वेळी वादळी पाऊस आला! तो काही उभा राहीना आणि सगळं कुटुंब चिंब भिजलं.

घरी आल्यावर शर्मनसाहेबांनी एका सुताराकडून सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब अशी पक्क्या भिंतींची खोली चाकांवर बांधून घेतली. बघणारे विचारू लागले, मग त्यांनी धंदाच सुरू केला. जानेवारी १९३० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात त्यांचा 'कव्हर्ड वॅगन' ४०० डॉलरला विकायला होता. पुढच्या सहा-सात वर्षांत त्यांची कंपनी या धंद्यात देशात पहिली झाली.

आता यातला विनोद पाहा. पावसाला कंटाळून बांधलेल्या त्या पहिल्या खोलीच्या भिंती होत्या मॅसोनाइटच्या. विल्यम मेसन यांनी १९२४ साली शोधलेला हा हार्डबोर्ड म्हणजे लाकडाचा वाफेने केलेला भुगा दाबून बनवलेला तक्ता. सपाट, स्वस्त आणि हलका, पण कडेने पाणी प्यायला की फुगतो! पावसाचा बंदोबस्त झाला तो तात्पुरताच.

दुसरी वाट विमानवाल्यांनी काढली. १९२७ साली लिंडबर्गने ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणारे हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये विमानासारखाच, ऍल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडलेला ट्रेलर बनवला. त्याच धाटणीवर वॉली बायम यांचा 'एअरस्ट्रीम क्लिपर' १९३६ साली आला. हे चकचकीत चंदेरी ट्रेलर तुम्ही हॉलिवूडच्या सिनेमांत पाहिले असतील. पत्र्याला ओल कसली लागणार, असं वाटतं ना? पण पायाखालची जमीन प्लायवुडची. वरचं ऍल्युमिनियमचं कवच आणि खालची लोखंडी चौकट यांच्या मधोमध या प्लायवुडची कड दाबून धरलेली असते. मागच्या बाजूने पाणी झिरपून ती कड कुजली की कवच आणि चौकट यांची फारकत होते. त्यामुळे जुना एअरस्ट्रीम घेणारा मागच्या बंपरवर उभा राहून चक्क उड्या मारतो. कवच आणि बंपर यांच्यात फट उघडमीट करू लागली, तर समजायचं की जमीन गेली!

दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्गासाठी जे हजारो ट्रेलर बनले, ते मात्र लाकडाचेच. बाजूने पाहिलं तर हॅमच्या डब्यासारखा गोलसर आकार, म्हणून त्यांना 'कॅन्ड हॅम' म्हणतात. शास्टा कंपनीच्या ट्रेलरांना तर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मागे पत्र्याचे पंखही असत. दिसायला झकास, पण पंख बसवायचे म्हणजे पत्र्याला आणखी भोकं!

या ट्रेलरांची बांधणी आतून बाहेर होत असे. आधी जमीन, मग भिंतींचे आतले तक्ते आणि कपाटं, मग बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यात काचतंतूंची गादी आणि सगळ्यात शेवटी ऍल्युमिनियमचा पातळ पत्रा. हा पत्रा म्हणजे भिंत नव्हेच, अंगावर घातलेला रेनकोट. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे एक धातूची पट्टी स्क्रूने आवळलेली, आणि तिच्याखाली लांबी. (खिडकीच्या काचेला सुतार लावतो ना, त्याच जातीची.) सगळी मदार त्या लांबीवर! ती काही वर्षांत वाळते, तडकते. शिवाय हे घर रस्त्यावर धावतं, म्हणजे प्रत्येक खड्ड्याला सगळे सांधे हलतात.

पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडेच. पुढच्या वरच्या कोपऱ्यातून आलेलं पाणी पट्टीवरून ओघळत खिडकीच्या चौकटीशी थांबतं, गादीत मुरतं आणि शेवटी जमिनीच्या कोपऱ्यात साचतं. म्हणून तपासणी खालून वर करायची. कोपऱ्यात अंगठ्याने दाबायचं, बोटांनी ठोकून आवाज पोचट येतो का ऐकायचं, टोच्याने टोचून पाहायचं. आतले तक्ते बहुधा बर्चचे, म्हणजे आपल्या भूर्जपत्रवाल्या भूर्जाच्याच कुळातल्या लाकडाचे. त्यावर ओल काळसर कडांचे नकाशे काढते. लाकडाची ओल मोजायचं छोटं यंत्रही मिळतं. १५ टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहावं. २० च्या वर सतत राहिली तर बुरशीला आमंत्रणच. (पत्र्याजवळ मात्र हे यंत्र फसतं.) बुरशी लाकडातला सेल्युलोज खाते आणि मागे उरतो तपकिरी, चौकोनी भेगांचा चुरा. याला इंग्रजीत लोक 'ड्राय रॉट' म्हणतात, पण कोरड्यात काहीच कुजत नाही. तो वाळलेला अवशेष असतो, एवढंच.

आणि सगळं पाणी आभाळातून येत नाही बरं का! एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. दारं-खिडक्या बंद करून आत चहा-स्वयंपाक केला की ती वाफ थंड पत्र्याच्या आतल्या अंगाला जाऊन बसते. म्हणजे छप्पर धड असूनही घर भिजतं. डाग एखाद्या सांध्याखाली असेल तर बहुधा गळती, सगळीकडे सारखा असेल तर बहुधा श्वास आणि स्वयंपाक.

माझ्या एका निवृत्त शेजाऱ्याने असाच १९६० च्या दशकातला ट्रेलर स्वस्तात घेतला. बाहेरून नवा कोरा रंग. पुढच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत! आता सगळं उपसून नवीन बांधायचं की जेवढं धड आहे तेवढं ठेवायचं? सगळं नवीन घातलं तर तो जुना ट्रेलर कसला? आणि कुजकी पट्टी तशीच राहिली तर शेजारचीही जाणार. शेवटी त्याने पुढचा सांगाडा बदलला आणि डागाळलेले बर्चचे तक्ते ऑक्झॅलिक ऍसिडने उजळून तसेच ठेवले. दोन उन्हाळे गेले.

या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी गळती बंद, मग वाळवणं, मग दुरुस्ती. आतून नवा तक्ता ठोकणं म्हणजे गळूवर पावडर लावणं. बांधणी आतून बाहेर झाली होती, म्हणून उकल बाहेरून आत करायची. पट्ट्या, खिडक्या काढायच्या, पत्रा उतरवायचा. सांगाडा एकदम सगळा काढायचा नाही, नाहीतर त्याचा गोल आकारच हरवतो. एकेक कुजकी पट्टी काढून, तिलाच नमुना धरून नवी कापायची. परत बसवताना लांबीऐवजी ब्यूटाइलची चिकटपट्टी वापरतात, ती वर्षानुवर्षं मऊ राहते. सिलिकॉन मात्र टाळतात, कारण एकदा ते लागलं की त्याच्या डागावर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही. शेवटची परीक्षा म्हणजे पंख्याने आत हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडा, तिथे भोक. सायकलच्या पंक्चरवाल्याची युक्ती, थोड्या मोठ्या प्रमाणावर!

सांध्यांना वैतागून १९६८ साली कॅनडात विनिपेगला 'बोलर' नावाचा फायबरग्लासचा ट्रेलर आला. करंजीसारखे दोन साचे, कमरेशी एकच जोड. छतावरचे सांधे जवळजवळ संपले. तरीही खिडक्या, हवेचं झरोकं आणि दिवे उरलेच, आणि त्यांची भोकंही.

साठ-सत्तर वर्षं टिकलेले ट्रेलर पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. फिरणाऱ्या ट्रेलरला निदान वारा लागतो, आतली ओल मालकाच्या नजरेस पडते. परसात ताडपत्रीखाली विसरलेला ट्रेलर गुपचूप कुजतो. कोकणात मृगाच्या आधी कौलं उतरवून घर शाकारायची रीत होती. फुटकी कौलं बदलायची, वासे पाहायचे आणि हे दर वर्षी, गळो न गळो. ट्रेलरच्या छपरालाही तेवढंच हवं असतं. वर्षातून एकदा शिडी लावून सगळ्या सांध्यांवरून हात फिरवायचा, बस्स. अर्ध्या दिवसाचं काम. ते ज्यांनी केलं त्यांच्या नातवंडांना ट्रेलर मिळाले, बाकीच्यांना लाकडाचा चुरा.