डीएनए सिद्दींचा, प्रश्न आपला

जोगेश्वरीच्या आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईल पुढे केला. डीएनए चाचणीत अमुक जात परदेशी ठरली, आपण तेवढे मूलनिवासी, असा तो नेहमीचा मेसेज होता. "आता विज्ञानानेच निकाल दिला, मग वाद कशाला?" असे त्याचे म्हणणे. आम्ही उलट विचारले, "मग सिद्दींचे काय करायचे?" वर्ग गप्प झाला. सिद्दी म्हटले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. आज हयात असलेला सिद्दी समाज आपल्या खिजगणतीतही नसतो. म्हणून हा लेख.

सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून समुद्रमार्गे आलेल्या आणि आणल्या गेलेल्या माणसांचे वंशज. कुणी सैनिक वा खलाशी म्हणून आले, पुष्कळजण गुलाम म्हणून विकले गेले. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, पोरवयात विकला गेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६१० साली त्याने वसवलेले खडकी म्हणजेच नंतरचे औरंगाबाद. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान तर १९४८ पर्यंत टिकले.

पण ही झाली दरबारातली माणसे. पोर्तुगीजांनी गोवा, दमण, दीवला उतरवलेल्या गुलामांचे काय? गोव्यातून पळालेल्यांनी उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळकडच्या जंगलांचा आसरा घेतला. त्यांची ना बखर, ना वंशावळ. अमेरिकेतही हेच घडले. तिथल्या जनगणनेत पूर्वीच्या गुलामांची सरसकट नावानिशी नोंद झाली ती थेट १८७० साली. त्याआधी ते मालकाच्या मालमत्तेतले आकडे होते. ज्यांचा इतिहास पुसला गेला, त्यांना डीएनए हा दस्तऐवज वाटला तर नवल नाही. ही ओढ आम्ही समजू शकतो, कारण आपल्याही आजा-पणजांची नावे फारशी कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

मग हा दस्तऐवज वाचतात कसा? वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून. पण दहा पिढ्या मागे गेलो तर वंशवृक्षात १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात आणि या दोन खुणा त्यातल्या फक्त दोघांची साक्ष देतात. म्हणून उरलेल्या गुणसूत्रांवरच्या हजारो खुणा तपासतात आणि त्या कोणत्या लोकसमूहात किती आढळतात याची तुलना करतात. येणारी टक्केवारी हा तुलनेतून काढलेला अंदाज असतो. दर पिढीत गुणसूत्रांची अदलाबदल होऊन पूर्वजांकडून आलेले तुकडे लहान होत जातात. त्यांच्या लांबीवरून मिसळ कधी झाली तेही काढता येते.

२०११ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स'मध्ये या विषयावर दोन भारतीय अभ्यास आले. एकात सिद्दींचे पूर्वज सहाराच्या दक्षिणेकडील बांटू भाषक असल्याचे दिसले. स्थानिक भारतीयांशी त्यांची मिसळ गेल्या आठेक पिढ्यांत, म्हणजे सुमारे २०० वर्षांत झाली असावी, असा अंदाज निघाला. दुसऱ्यात पश्चिम भारतातील आफ्रिकी-भारतीय समूहाच्या १८,५३४ खुणा तपासल्या. आफ्रिकी वारसा सरासरी ५८.७ टक्के निघाला आणि माणसामाणसांतला फरक फारच थोडा, ८.४ टक्के.

हा शेवटचा आकडा आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. बाहेर लग्ने चालू राहिली असती, तर कुणात हा वारसा खूप कमी, कुणात खूप जास्त दिसला असता. आमचे वाचन असे: आफ्रिकेतून आलेली माणसे इथे मिसळली आणि मग इथल्याच रिवाजाने तिच्याभोवती लग्नाचे कुंपण पडले. त्यांच्यासोबत जात आली नव्हती. इथे आल्यावर तीही जातीसारखीच बंद झाली.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात हेच मांडले होते. मिसळलेल्या समाजावर अंतर्विवाह लादला गेला आणि त्यातून जात बनली. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी नाकांच्या मोजमापांची आकडेवारी तपासून अस्पृश्यतेचा वांशिक सिद्धांत फेटाळला. वंशाचा पुरावा हाताळून त्याविरुद्ध निष्कर्ष काढणारे आपले बाबासाहेब, आणि आपण मेसेज पुढे ढकलतो!

त्या मेसेजच्या मुळाशी बहुधा २००१ चा बामशाद आणि सहकाऱ्यांचा निबंध असतो. त्यात आंध्र प्रदेशातील आठ जाती तपासल्या होत्या. वरच्या जातींचे युरोपियनांशी साम्य जास्त दिसले हे खरे, पण तो प्रमाणातला फरक आहे. २०१३ च्या अभ्यासाने दाखवले की १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील जवळजवळ सर्व समूह मिसळले आणि नंतर ही मिसळ थांबली. डीएनएत जात सापडत नाही. जातीने घातलेल्या लग्नबंदीचा वळ तेवढा सापडतो.

आता हक्काकडे या. गुजरातेत जुनागढसह काही जिल्ह्यांतील सिद्दी अनुसूचित जमातीत आहेत. कर्नाटकात उत्तर कन्नडमधील सिद्दींना हा दर्जा २००३ साली मिळाला. महाराष्ट्राच्या यादीत सिद्दी नाहीत. जुनागढचा सिद्दी पोटासाठी मुंबईत आला, तर इथल्या राज्याच्या सवलती त्याला जमात म्हणून मिळत नाहीत. डीएनए तोच, हद्द ओलांडली की हक्क गेला. कारण हक्क रक्तातून येत नाही. तो संविधानाच्या कलम ३४२ खालच्या यादीतून येतो, आणि यादी संघर्षाने बदलते.

म्हणून त्या तरुण मित्राला आमचे सांगणे: "मूळचा कोण" ही मोजपट्टी हातात घेतलीस, तर पहिला परका ठरेल तो सिद्दी. देश कुणाच्या रक्ताचा, हा प्रश्न आज कोण कुणाला विचारत आहे ते बघ आणि ठरव, ती मोजपट्टी आपली आहे का. १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ साली याच मुंबईत दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. ते नाते रक्ताचे नव्हते, गुलामी नाकारणाऱ्यांचे होते.

पुढच्या वर्गात आम्ही १९१६ चा निबंध वाचणार आहोत. मेसेज पुढे पाठवण्याआधी तेवढा वाचून या.

जय भीम!