रिलीज एड (तिरंदाजी)

रिलीज एड (खेळाडूंच्या बोलीत नुसते ‘रिलीज’) हे कंपाउंड धनुष्याची दोरी ओढून धरण्यासाठी व इच्छित क्षणी सोडण्यासाठी वापरले जाणारे यांत्रिक साधन आहे. त्याचे दोन मुख्य वर्ग आहेत : मनगटाला पट्ट्याने बांधून तर्जनीने चालवायचे रिलीज आणि बोटांत धरून चालवायचे हस्तधृत रिलीज. दोन्हींनी अचूक नेम साधता येतो. त्यांच्यातील महत्त्वाचा फरक बाण कोणत्या हालचालीने सुटतो आणि तो क्षण तिरंदाजाला आधी कळतो की नाही, यात आहे.

पार्श्वभूमी

दोरी ओढण्यासाठी साधन वापरण्याची पद्धत जुनी आहे. चीन, मध्य आशिया, तुर्कस्तान आणि मुघलकालीन भारत येथील तिरंदाज अंगठ्यात घातलेल्या कड्याने दोरी ओढत. आधुनिक रिलीजचा प्रसार मात्र कंपाउंड धनुष्याबरोबर झाला. अमेरिकेतील मिसूरी राज्याचे हॉलेस विल्बर ॲलन यांनी या धनुष्याच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला व १९६९ मध्ये ते मंजूर झाले.

कंपाउंड धनुष्याच्या टोकांवरील चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरील ताण बराच कमी होतो. या घटीला ‘लेट-ऑफ’ म्हणतात. ६० पौंड (सुमारे २७ किलो) ताणाच्या धनुष्याचा लेट-ऑफ ८० टक्के असल्यास नेम धरताना केवळ १२ पौंड ताण पेलावा लागतो. मात्र हे धनुष्य आखूड असल्याने पूर्ण ओढलेल्या दोरीचा कोन अरुंद होतो व बोटे तिच्यात चिमटली जातात. शिवाय बोटांवरून सुटताना दोरी किंचित आडवी सरकते. त्यामुळे दोरीला ‘डी-लूप’ नावाचा छोटा फास बांधून त्यात रिलीजचा आकडा किंवा जबडा अडकवला जातो.

प्रकार

तर्जनीचे रिलीज : दोरीचा ताण पट्ट्यावाटे मनगटावर येतो, बोटे मोकळी राहतात. तर्जनीने ट्रिगर दाबताच जबडा उघडतो व दोरी सुटते. वापर समजण्यास सोपा असल्याने नवशिक्यांना बहुधा हेच दिले जाते. ते हातालाच बांधलेले असल्याने पडत किंवा हरवत नाही. या कारणामुळे अमेरिकेतील धनुर्धारी शिकाऱ्यांमध्ये ते विशेष रूढ आहे.

अंगठ्याचे रिलीज : हे हस्तधृत असून तीन किंवा चार बोटांनी धरले जाते. अंगठा एका लहान खुंटीवर टेकलेला असतो व तिच्यावरील दाबाने दोरी सुटते.

बिजागरी रिलीज : यास ट्रिगर नसतो. पाठीचे स्नायू आवळत नेल्यावर साधन बोटांत किंचित फिरते आणि आतील अर्धचंद्राकृती भागावरून आकडा निसटतो.

ताणसंवेदी रिलीज : दोरी ओढताना अंगठ्याने सुरक्षाकळ दाबून ठेवली जाते. नेम धरल्यावर ती सोडली जाते व ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे वाढताच बाण सुटतो.

निवडीचे निकष

लक्ष्यबिंदू मध्यावर दिसताक्षणी ट्रिगर झटक्याने दाबण्याची सवय अनेक तिरंदाजांना लागते. पुढे नेम मध्यावर स्थिर करणेच अशक्य होते. या अवस्थेला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. तर्जनी नाजूक व जलद हालचालींना सरावलेली असल्याने तिच्या ट्रिगरवर असा झटका सहज बसतो. बिजागरी व ताणसंवेदी रिलीजमध्ये बाण सुटण्याचा नेमका क्षण आधी कळत नाही. त्यामुळे शरीर त्या क्षणाची धास्ती घेत नाही. यासाठी प्रशिक्षक सरावात त्यांचा उपयोग करतात. तथापि केवळ साधन बदलून ही सवय जात नाही. अंगठ्याची खुंटीही झटक्याने दाबता येते, तर पाठीच्या ओढीने तर्जनीचे रिलीजही संथपणे सोडता येते. तर्जनीचे टोक ट्रिगरवर न ठेवता बोटाचा सांधा त्याभोवती वळेल इतकी पट्ट्याची लांबी ठेवल्यास हे सोपे जाते.

दुसरा निकष हाताच्या टेकूचा. हस्तधृत रिलीज धरलेल्या हाताची बोटांची पेरे जबड्याच्या हाडाला लागून बसतात व प्रत्येक वेळी तीच जागा सापडते. मनगटी पट्टा सैल किंवा घट्ट झाल्यास ही जागा बदलू शकते. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना धनुष्याची ओढ-लांबी व दोरीतील पीपची उंची पुन्हा जुळवावी लागते.

तिसरा निकष वेळेचा. वैयक्तिक सामन्यात खेळाडू आळीपाळीने बाण सोडतात तेव्हा प्रत्येक बाणास २० सेकंद मिळतात. बिजागरी रिलीज वेळेत सुटले नाही तर दोरी परत सैल करून नव्याने सुरुवात करावी लागते. अंगठ्याच्या रिलीजमध्ये हा क्षण काही प्रमाणात तिरंदाजाच्या हाती राहतो.

सुरक्षितता

दोरी ओढतानाच रिलीज सुटल्यास हात तोंडावर आदळू शकतो व बाण भलतीकडे जाऊ शकतो. बिजागरी रिलीजमध्ये हा धोका अधिक असल्याने आधी दोरीच्या फासावर आणि नंतर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जवळच्या लक्ष्यावर सराव केला जातो. ओढताना अंगठा त्याच्या खुंटीवर ठेवल्यास साधन अवेळी फिरत नाही. बाण न लावता धनुष्याची दोरी सोडू नये. त्यामुळे धनुष्य मोडू शकते. तर्जनीच्या रिलीजबाबत, दोरी पूर्ण ओढली जाईपर्यंत बोट ट्रिगरच्या मागे ठेवण्याचा नियम पाळला जातो.

स्पर्धा व भारत

जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांनुसार कंपाउंड प्रकारात रिलीज वापरता येते. मात्र ते धनुष्याला जोडलेले नसावे व त्यात विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसावी. रिकर्व्ह प्रकारात दोरी बोटांनीच ओढावी लागते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीस बंदी असल्याने रिलीजची निवड लक्ष्य तिरंदाजीच्या गरजेनुसारच होते.

कंपाउंडमध्ये ५० मीटरवरील लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर असतो. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नागपूरचे ओजस देवतळे यांनी अंतिम सामना १५०–१४९ असा, तर साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनी १४९–१४७ असा जिंकला. १५ बाणांच्या अशा सामन्यात घाईने सुटलेला एकच बाण निर्णायक ठरतो. पॅरिस २०२४ पॅरालिंपिकमधील कांस्यपदक विजेत्या शीतल देवी यांना जन्मतः हात नाहीत. त्या पायाने धनुष्य धरतात व खांद्याला जोडलेल्या रिलीजने दोरी ओढतात. लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच समाविष्ट करण्यात आला आहे.