डोंगरवाटेवरची सायकल आणि बायकांचा गट

आज मी तुम्हाला सायकलच्या एका शर्यतीचा इतिहास सांगणार आहे. क्रॉस-कंट्री माउंटन बाइक शर्यत असं तिचं नाव. ही शर्यत डांबरी रस्त्यावर नसते. डोंगरातली पायवाट, दगडधोंडे, झाडांची मुळं, चिखल, दम काढणारा चढ आणि पोटात गोळा आणणारा उतार. अशा चार-सहा किलोमीटरच्या वाटेवर फेऱ्या मारायच्या. सगळ्या जणी एकदम सुटतात. सव्वा ते दीड तास दमछाक होते आणि जी आधी पोचते ती जिंकते.

ही सुरू झाली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माउंट टमालपायस या डोंगराच्या परिसरात. 1970 च्या सुमारास तिथली तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्या, जड सायकली घेऊन मातीच्या वाटांवरून उतरायची. 21 ऑक्टोबर 1976 ला त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. सव्वातीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे चारशे मीटर खाली यायचं! मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक वेळी नवं भरावं लागायचं. म्हणून त्या वाटेचं नावच ‘रीपॅक’ पडलं, म्हणजे ‘पुन्हा भरा’.

त्या पुरुषांच्या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाई होती. ती सायकलही चालवायची आणि फोटोही काढायची. आज त्या काळाचं जे चित्र जगाला दिसतं, ते बरंचसं तिच्या फोटोंमुळे.

पुढे नुसत्या उताराऐवजी चढ-उतार दोन्ही असलेल्या शर्यती होऊ लागल्या. त्यांत जॅकी फीलन ही बाई पुढे आली. 1983 पासून सलग तीन वर्षं ती अमेरिकेची राष्ट्रीय विजेती होती. पण मला तिचं खरं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत वाटतं. डोंगरात सायकल घालायची बायकांना धास्ती वाटते, हे तिला दिसत होतं. तिने बायकांचा एक गट काढला. त्याचं नाव ऐका: ‘वुमेन्स माउंटन बाइक अँड टी सोसायटी’, म्हणजे बायकांचं डोंगर-सायकल आणि चहा मंडळ! सोबतीने सायकल चालवायची, शिकायचं आणि चहा घ्यायचा. आपल्या बचत गटाच्या बैठकीसारखंच की नाही?

1990 मध्ये अमेरिकेतल्याच डुरँगो गावात सायकलच्या जागतिक संघटनेने पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा घेतली. स्त्रियांची शर्यत ज्युली फुर्टाडो हिने जिंकली. ती आधी बर्फावरच्या घसरण्याच्या शर्यतीतली खेळाडू. गुडघ्याच्या दुखापतींमुळे तो खेळ सुटला, म्हणून सायकलकडे वळलेली.

आता एक हिशेब करू. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या सायकल शर्यती 1896 पासून आहेत. स्त्रियांना पहिली सायकल शर्यत मिळाली 1984 ला. म्हणजे 88 वर्षं वाट पाहिली! डोंगरी शर्यत मात्र 1996 ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये आली, ती स्त्री-पुरुष दोघांची, एकाच दिवशी, 30 जुलैला. स्त्रियांमध्ये इटलीची पाओला पेझो जिंकली. तेव्हा नियम असा होता की वाटेत पंक्चर झालं तर बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. जिची सायकल, तिनेच दुरुस्त करायची.

मला यात एक गोष्ट दिसते. जिथे आपण सुरुवातीपासून असतो, तिथे ‘बायकांना कशाला?’ हा प्रश्न विचारणं अवघड होतं.

त्याच अटलांटाच्या शर्यतीत नॉर्वेची गुन-रीटा डाले होती. तिला 2004 ला अथेन्समध्ये सुवर्णपदक मिळालं. 2009 ला तिला मुलगा झाला. आता संपलं, असं तिने मानलं नाही. 2013 ला ती लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतीत पुन्हा जगज्जेती झाली आणि वयाच्या 43 व्या वर्षी, 2016 ला, रिओ ऑलिम्पिकमध्येही उतरली.

हा खेळ आता आपल्यापासून लांब राहिलेला नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आशियातली मोठी डोंगरी सायकल स्पर्धा केरळमध्ये पोनमुडीच्या डोंगरात झाली.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात. पण शाळा सुटली की ती सायकल भावाकडे जाते, नाहीतर पडवीत गंजते. आणि पोरीची आई? तिला बँकेत जायचं तर कुणाच्या तरी गाडीची वाट बघावी लागते.

म्हणून पुढच्या बैठकीत, हप्ते जमा झाल्यावर, एवढंच विचारा: आपल्यात सायकल कुणाकुणाला येते? जिला येते तिने दोघींना शिकवायचं. पंक्चर काढायलाही शिकायचं. शाळेचं मैदान संध्याकाळी मोकळंच असतं. पडलं तर हसू द्या, आपणही हसू. आणि नंतर चहा हवाच, मैत्रिणींनो. नमस्कार.