तीन दिवस लाल

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी भाच्याने मला पीण्याला बोलावलं. औद्योगिक क्षेत्राच्या दुसऱ्या टप्प्यात त्याचं छोटं मशीन शॉप आहे. मी फौजेत सिग्नल्समध्ये होतो, त्यामुळे इंटरनेट बिघडलं की घरातले मलाच धरतात.

राउटरशेजारी त्याने तळहाताएवढी पेटी लावली होती, 'राइप ॲटलस'चा प्रोब. ॲमस्टरडॅमच्या राइप एनसीसी या संस्थेने 2010 मध्ये हे जाळं सुरू केलं. जगभर हजारो लोक हौसेने अशा पेट्या सांभाळतात. पेटी ठरावीक वेळाने पिंग आणि ट्रेसरूट पाठवून इंटरनेटची नाडी बघते. (पिंग हा प्रोग्राम 1983 च्या डिसेंबरात माइक मूस यांनी अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत लिहिला, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.) पडद्यावर शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत लाल पट्टा: 'डिस्कनेक्टेड'. तेवढ्या पुराव्यावर भाच्याने लाइन देणाऱ्या कंपनीला करार मोडल्याचं पत्र लिहिलं होतं. "मामा, फक्त सही राहिलीय."

मी म्हटलं, थांब. आणि त्याला दिल्लीची गोष्ट सांगितली.

10 मे 1857, रविवार. दुपारी चारला तारघर पुन्हा उघडलं, तर मेरठची तार मुकी. ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन हे तरुण सिग्नलर यमुना ओलांडून गेले आणि पलीकडून दिल्लीला संदेश देऊन पाहिला. पोचला. म्हणजे नदीतली केबल शाबूत, तुटलं ते पुढे मेरठच्या बाजूला. लाइनचे तुकडे पाडायचे आणि एकेक पारखायचा. आम्हीही हेच शिकलो. पण कुठे तुटलं एवढंच त्यातून कळतं. का तुटलं, ते तार सांगत नाही. दुसऱ्या सकाळी तारघर सांभाळणारे चार्ल्स टॉड नेहमीचा बिघाड समजून तो शोधायला निघाले, ते परतलेच नाहीत. मेरठचे शिपाई दिल्लीत पोचले होते. त्या दोघांनी अंबाल्याला खबर धाडली आणि पंजाबातले इंग्रज सावध झाले. आपल्या बाजूने बघाल, तर ती एक तार चालू राहिली हेच दुर्दैव.

दुसरी गोष्ट पीण्यातलीच. इस्रोचं इस्ट्रॅक, म्हणजे यानांशी संपर्क ठेवणारं केंद्र, याच औद्योगिक क्षेत्रात आहे. 29 ऑगस्ट 2009 ला चांद्रयान-1 चा संपर्क तुटला आणि मोहीम संपली. पुढे मार्च 2017 मध्ये नासाच्या जेपीएलने जाहीर केलं की पृथ्वीवरच्या रडारला ते सापडलं आहे. मुकं झालेलं यान चंद्राभोवती फिरतच होतं! उलट 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे विक्रम लँडर 2.1 किलोमीटर उंचीवर असताना गप्प झाला. डॉ. सिवन यांनी सांगितलं ते इतकंच: संपर्क तुटला आहे, माहिती तपासत आहोत. सगळा देश टीव्हीसमोर बसलेला असताना 'कोसळला' हा शब्द न उच्चारणं सोपं नव्हतं. डिसेंबरात नासाने अवशेष सापडल्याचं सांगितलं. पण त्या पहाटे हाती होती ती फक्त शांतता, 2009 मध्ये होती तशीच.

आता भाच्याची पेटी. 'डिस्कनेक्टेड' याचा अर्थ एवढाच, की पेटीचं तिच्या नियंत्रक सर्व्हरशी बोलणं बंद आहे. लाइन पडली असेल, पेटी बंद असेल, नाहीतर मधलाच रस्ता अडला असेल. रस्ता अडला असेल तर पेटी मोजमाप चालू ठेवते, साठवते आणि संपर्क आल्यावर पाठवते. आम्ही पाहिलं: त्या तीन दिवसांचं एकही मोजमाप मागाहून आलं नव्हतं. मग पेटी सलग किती वेळ चालू आहे तो आकडा पाहिला. जेमतेम तीन तास. म्हणजे पेटीची वीजच गेली होती, आणि लाइनबद्दल त्या लाल पट्ट्याला काहीच ठाऊक नव्हतं.

रात्रपाळीच्या वॉचमनने मोबाइल चार्जिंगसाठी पेटीचा अडॅप्टर काढला होता. सोमवारी सकाळी कोणीतरी तो परत लावला.

भाचा हिरमुसला. मी त्याला मागच्या महिन्याची मोजमापं उघडायला लावली. पहिला टप्पा म्हणजे त्याचाच राउटर, तो ठणठणीत. दुसऱ्या टप्प्याला, कंपनीच्या हद्दीत, रोज संध्याकाळी पिंगची उत्तरं गळत होती, आणि ते सगळं पट्टा हिरवा असताना! जुनं पत्र फाडून त्याने नवं लिहिलं, तारखा आणि वेळा घालून. वॉचमनला वेगळा प्लग पॉइंट दिला.